शेवटचं बरं कधी पाहिलं

आमच्या विभागात दर गुरुवारी दुपारी एक केस मांडली जाते आणि शेवटच्या पडद्यावर, म्हणजे स्लाइडवर, तीन मुद्दे लिहावे लागतात. त्यांना लर्निंग पॉइंट्स म्हणतात. तीनच का, हे मी कैक वर्षं विचारते आहे. दोन लिहिले तर अभ्यास केला नाही असं दिसतं आणि चार कुणी वाचत नाही, एवढंच उत्तर मिळतं. सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत मी सीनियर डॉक्टर आहे, त्यामुळे रुग्ण तपासण्याबरोबर हे पडदे तपासणंही माझ्याच कपाळी आलेलं आहे. मुद्दे साधारण असे असतात: नीट हिस्टरी घेणे महत्त्वाचे. वेळेवर निदान महत्त्वाचे. टीमवर्क महत्त्वाचे. हे वाचून माझं डोकं फिरतं. नीट हिस्टरी घेणं बिनमहत्त्वाचं आहे, असं कुणी म्हटलं होतं का? नेमकं काय विचारायचं राहिलं ते लिहा, कुणाला विचारायचं राहिलं ते लिहा. मी खोडून परत पाठवते. पोरं तेच वाक्य पुन्हा आणतात, फक्त 'अत्यंत' हा शब्द वाढवून.

एका बाबतीत मात्र मी घसा कोरडा करून त्यांना शिकवलं आहे. पक्षाघाताचा रुग्ण आला की घरच्यांना 'कधी सुरू झालं' असं विचारायचं नाही. ते विचारलं की लोक आपल्याला कधी कळलं ती वेळ सांगतात. 'शेवटचं बरं कधी पाहिलं?' असं विचारायचं. कुणी पाहिलं, आणि तेव्हा ते माणूस काय करत होतं, हेही विचारायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि घड्याळ त्या शेवटच्या बऱ्या क्षणापासून मोजायचं असतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतं. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आमच्या नर्सेस माझ्या मागे माझीच नक्कल करतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणासाठी केली असेल याचा मी तोवर विचार केला नव्हता.

माझी आई चामराजपेटेत माझ्या मोठ्या भावाकडे, म्हणजे अण्णाकडे राहते. आम्ही या कानडी गावात इतक्या पिढ्या आहोत की पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. ती रोज पहाटे उठते, आंघोळ करते आणि मडीत जाते. मडी म्हणजे सोवळं. त्यात तिला कुणी शिवायचं नाही. वडील गेल्यापासून तिने त्यात मौनाची भर घातली आहे. उठल्यापासून नऊ वाजता पूजा संपेपर्यंत ती एक अक्षर बोलत नाही. होकार असेल तर एकदा 'हूं', नकार असेल तर दोनदा. त्याहून जास्त काही सांगायचं असलं तर पाटीवर लिहून दाखवते. नऊ वाजले की बाहेर येते आणि साडेतीन तास साठवलेलं सगळं एका दमात आमच्या अंगावर सोडते. मी तिला अनेकदा म्हटलं, "आई, एवढ्या वयात हे कशाला?" ती म्हणते, "तुम्ही लोक दिवसभर काय बोलायलात ते ऐकून कुणीतरी गप्प बसायला पाहिजे की."

थोडक्यात, रोज सकाळी साडेतीन तास आमच्या घरात असं एक म्हातारं माणूस असतं की ज्याला कुणी हात लावत नाही आणि जे कुणाशी बोलत नाही. मी इमर्जन्सीची डॉक्टर. यात धोका आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

त्या दिवशी मी सकाळच्या ड्यूटीवर होते. दहाला दहा मिनिटं कमी असताना अण्णाचा फोन आला. वहिनी म्हैसूरला माहेरी गेलेली, त्यामुळे घरात ते दोघंच होते.

"आई रुसली आहे गं," अण्णा म्हणाला. "पूजा झाली, बाहेर येऊन बसली आहे, पण तोंड उघडायला तयार नाही. काल संध्याकाळी मी तिला स्वल्प बोललो होतो. नैवेद्याला कुणी स्वयंपाकाची बाई लावू या म्हणालो."

"मग मला कशाला फोन केलास? तिची समजूत काढ."

"काढायलो आहे की अर्धा तास. आता हातातनं पळी पण पडायली तिच्या. दोनदा पडली. रागानं टाकायली का काय कळेना."

मी त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. फोन तिच्या तोंडासमोर धरायला त्याला दोन मिनिटं लागली, आधी छत दिसलं, मग त्याचा स्वतःचा अंगठा. तिला दोन्ही हात पुढे धरायला सांग, म्हटलं. तिने त्याचं बघून धरले. डावा राहिला, उजवा हळूहळू खाली आला. चमचा दाखवून हे काय आहे असं विचार, म्हटलं. तिने तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि काहीच आलं नाही. रुसलेल्या माणसाच्या डोळ्यांत राग असतो. आईच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती अर्धा तास समोर बसून अण्णाला दिसली नव्हती.

"तिला पक्षाघात झाला आहे," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता निघा."

"तुझ्याकडेच आणतो. ऑटोनं सव्वा तासात पोचू."

"माझ्याकडे नको. तुमच्यापासून दहा मिनिटांवर जे रुग्णालय आहे तिथे सीटी स्कॅन आहे, इंजेक्शन द्यायची सोय आहे. तिथे जा."

"आपलं माणूस डॉक्टर असताना परक्याच्या दारात कशाला? लोक काय म्हणतील?"

इथे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझ्याकडे येताना वाटेत रहदारीत माणसं संपलेली मी पाहिली आहेत. आपला डॉक्टर, ओळखीचा डॉक्टर, भाचीच्या नणंदेच्या ओळखीचा डॉक्टर, या ओळखीपायी लोक घराजवळची तीन रुग्णालयं मागे टाकून येतात. दुसऱ्यांच्या बाबतीत याची मला चीड येते. आपल्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकल्यावर ती चीड कुठे ठेवायची ते कळेना.

"सरी, सरी," तो अखेर कबूल होत म्हणाला. "तिची मडीची साडी बदलून निघतो."

"अण्णा, साडी बदलायची नाही. आणि तिला काही खायला-प्यायला देऊ नकोस, गिळता येत नसेल."

"उपाशी होती गं. दोन घोट कॉफी दिली मघाशी."

मी कपाळावर हात मारून घेतला.

ड्यूटी दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून मी ऑटोत बसले. चामराजपेटेकडे जाणारा प्रत्येक रस्ता त्या दिवशी खणलेला असावा असं मला वाटत होतं, पण तो रोजच तसा असतो. अकराला पाच मिनिटं कमी असताना तिथल्या इमर्जन्सीतल्या डॉक्टरचा फोन आला. तरुण मुलगी होती, आवाज शांत होता.

"मॅडम, सीटीत रक्तस्राव नाही. बोलणं पूर्ण गेलं आहे, उजव्या हातात थोडी कमजोरी आहे. इंजेक्शन देण्यासारखी केस आहे. पण शेवटचं बरं कुणी पाहिलं? तुमचे भाऊ म्हणतात, काल रात्री दहाला झोपायला जाताना बोलल्या. सकाळी त्या बोलतच नाहीत म्हणे."

"हो. मौन असतं."

"मग तेरा तास झाले, मॅडम. आमच्याकडे एमआरआय नाही. त्यावरून वेळेचा अंदाज तरी करता आला असता. दुसरीकडे पाठवायचं तर अजून तास जाईल. अशा परिस्थितीत मी देऊ शकत नाही."

ती बरोबर होती. तिच्या जागी मी असते तर शब्दनशब्द हेच बोलले असते. त्यामुळे तिच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. मग मी मौनावर रागावले, मडीवर रागावले, अण्णावर तर होतेच, वहिनीच्या माहेरावर रागावले, आणि ऑटोवाल्याला विनाकारण दोनदा घाई करायला सांगितली. तो म्हणाला, "मेडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे जरा सांभाळून घ्या. समोर पाण्याचा टँकर आडवा उभा होता.

आणि मग मला जे आठवायला नको होतं ते आठवलं. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी, रुग्णालयाच्या पार्किंगमधून, मी आईला फोन केला होता. रोज करते. अण्णा फोन दुरून तिच्या कानाजवळ धरतो, मी विचारते, ती हुंकार देते, मी ठेवते. त्या दिवशी मी विचारलं, "बीपीची गोळी घेतलीस ना?" ती म्हणाली, "हूं." मी विचारलं, "गुडघा जास्त दुखतोय का?" ती म्हणाली, "हूं." मी म्हणाले, "या रविवारी मी येत नाही, चालेल ना?" ती म्हणाली, "हूं." रविवारी येत नाही म्हटल्यावर आईने आजवर कधी एक हुंकार दिलेला नाही. दोन देते, आणि दुसरा असा देते की मी आपोआप येते. त्या दिवशी एकच आला आणि मला बरं वाटलं, की सुटले. मी "बरं आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. तीन प्रश्नांना एकच उत्तर आलं, आणि जी बाई दर गुरुवारी दुसऱ्यांचे मुद्दे लाल पेनाने खोडते तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

म्हणजे आठ पाचला बोलणं गेलेलं होतं. पण त्याआधी? मौनात ती बोलत नाही, पण लिहिते. ज्या आजारात बोलणं जातं त्यात लिहिणंही जातं, कारण शब्द मेंदूतून निघतात, तोंडातून फक्त बाहेर पडतात. सकाळी तिने कुठे एक ओळ जरी नीट लिहिली असेल, तर तेव्हा ती बरी होती. मी अण्णाला फोन लावला.

"सकाळी आईने पाटीवर काही लिहिलं होतं का?"

"मी कुठं बघितलो? पेपर वाचायलो होतो. पाटी तर ती पुसूनच ठेवते."

"आज देवाला फुलं होती?"

"होती की. मल्लिगे होती, शेवंती होती. हे काय विचारायलीस आता?"

मल्लिगे म्हणजे मोगरा. आईला फुलं खालून येतात. घर पहिल्या मजल्यावर आहे. ती गॅलरीतून दोरीने टोपली सोडते, टोपलीत चिठ्ठी असते, आणि कोपऱ्यावरची फुलवाली अक्का त्या चिठ्ठीप्रमाणे फुलं भरते. मी ऑटो रुग्णालयाऐवजी आमच्या गल्लीकडे वळवायला सांगितली.

सव्वाअकरा झाले होते. अक्का देवळाच्या कट्ट्याला टेकून उरलेली फुलं ओल्या फडक्यात गुंडाळत होती, निघण्याच्या तयारीत. मी तिला कानडीतून विचारलं, आज आईची चिठ्ठी आली होती का. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू भांडायला मी आईच्या वतीने आले आहे.

"एक नाही, दोन आल्या," ती म्हणाली. कमरेच्या पिशवीतून तिने घड्या घातलेले दोन कागद काढले. "फेकल्या नाहीत. घरी दाखवणार होते, बघा म्हणून, कसली कसली गिऱ्हाइकं असतात."

पहिल्या चिठ्ठीत आईच्या ठसठशीत कानडी अक्षरात लिहिलं होतं: कालची शेवंती शिळी होती. आज तशी दिलीस तर टोपली परत खाली येईल. मल्लिगे दोन मोळ. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, आमच्याकडे माळ त्यावर मोजतात. दुसरी चिठ्ठी अशी होती: हे दीड मोळ आहे. तुझा हात आखूड असला तर तो माझा दोष नाही. माझ्या हाताने मोज आणि राहिलेलं पाठव.

मी आयुष्यभर आईच्या या स्वभावाला वैतागले आहे. भाजीवाला, गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, कुणी तिच्या तावडीतून सुटत नाही. त्या कट्ट्यावर उभ्या उभ्या मला ती चिठ्ठी डोक्याला लावावीशी वाटली. ही बाई सकाळी दीड आणि दोन यांतला फरक काढत होती, टोमणा मारत होती, आणि तोही एकही शब्द न चुकता.

"किती वाजता आली ही दुसरी?"

"मला इतका राग आला की मी लगेच सुनेला फोन केला, घरून अजून माळ घेऊन ये म्हणून." तिने फोन काढून मला दाखवला. सात बावीस. "सून आली, मी अर्धा मोळ वर पाठवला. तुमच्या आईने वरूनच हाताला लावून मोजला आणि मग मान हलवली."

सात बावीसला साडेचार तास मिळवले की अकरा बावन्न होतात. मी चिठ्ठ्या मागितल्या, तर अक्काने टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मी पण येते. कागदाला कोण विचारतं? आणि फोन माझा आहे."

अकरा सत्तावीसला आम्ही दोघी त्या इमर्जन्सीत शिरलो. मल्लिगेच्या वासाने दारातली नर्स वळून पाहायला लागली. आई खाटेवर होती, मडीची साडी अजून अंगावर, आणि तिच्या शेजारी अण्णा तिच्या चपला हातात धरून उभा होता. त्या तरुण डॉक्टरने चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. मग तिने मला बाजूला केलं आणि सगळे प्रश्न अक्कालाच विचारले. चिठ्ठी लिहिताना तुम्ही स्वतः पाहिलं का? कोणत्या हाताने लिहीत होत्या? कागद खाली सोडताना दोरी नीट धरली होती का? अक्का म्हणाली, गॅलरीच्या कठड्यावर कागद ठेवून उजव्या हाताने लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता माझ्याकडे रागाने बघत होत्या. डॉक्टरने फोनवरची वेळ पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, रक्तदाब पुन्हा मोजायला लावला.

"हे मला पुरेसं आहे," ती म्हणाली.

अकरा एक्केचाळीसला इंजेक्शन सुरू झालं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी इमर्जन्सीत रडले नव्हते. अण्णा म्हणाला, "रडायलीस कशाला, झालं की आता," आणि तोही रडायला लागला. अक्काने आम्हा दोघांकडे पाहून मान हलवली आणि आईच्या उशाशी एक फूल ठेवून गेली. नर्सने ते लगेच उचललं, कारण तो नियम आहे.

ही केस मी पुढच्या गुरुवारी स्वतः मांडली. आईची आहे हे सांगितलं नाही, अठ्ठ्याहत्तर वर्षांची स्त्री एवढंच म्हटलं. ज्यात मुख्यतः बोलणं जातं असा पक्षाघात लोक गोंधळ समजतात, राग समजतात, हट्ट समजतात, हे सांगितलं. बोलत नसेल त्याला लिहायला लावा, हे सांगितलं. घरच्यांना माहीत नसेल तर दूधवाल्याला विचारा, फुलवालीला विचारा, तिच्या फोनमध्ये बघा, हे सांगितलं. मग पोरांना म्हटलं, मुद्दे तुम्ही लिहा. एकाने पहिलाच लिहिला: नीट हिस्टरी घेणे अत्यंत महत्त्वाचे. मी पेन खाली ठेवलं आणि घरी गेले.

आईचं बोलणं हळूहळू परत आलं. आधी 'पाणी', मग 'नको', मग अण्णाला उद्देशून एक शब्द जो तिच्या तोंडून आम्ही पूर्वी ऐकला नव्हता. महिन्याभराने ती वाक्यं जोडायला लागली, मधे मधे थांबून, शब्द शोधत. हाताची ताकद जवळजवळ पूर्ण आली. मौन तिने सोडलं, कुणी सांगायच्या आधीच. मी आता दर रविवारी जाते.

अशाच एका रविवारी मी तिच्याजवळ शेंगा निवडत बसले होते. अण्णा बाहेर गेला होता. मी तिला म्हटलं, "आई, त्या दिवशी सकाळी काहीतरी बिघडलं आहे हे तुला कळलं असेल ना? मग काही खूण तरी करायचीस. मौनाचा एवढा कसला हट्ट? माणूस मरायला टेकलं तरी मौन मोडायचं नाही?" माझा आवाज चढला होता. इतके आठवडे मी तो दाबून ठेवला होता.

आईने हातातली शेंग खाली ठेवली. शब्द गोळा करायला तिला वेळ लागला.

"मोडलं होतं की मी," ती म्हणाली. "तुझा फोन आला... तेव्हा. तुला हाका मारायले होते."

किती हाका मारल्या ते मी विचारलं नाही. तीन होत्या, आणि त्या तिन्ही मी ऐकल्या होत्या.